ओटीतली लेक

“बेटा, हसू नको,” फोटोवाल्यानं कॅमेऱ्यामागून पुन्हा डोकं काढलं. “बाहेरदेशाचा फोटो आहे. तोंड मिट अन् समोर पाहा.”

इशितानं ओठ आवळले, खांदे सरळ केले आणि पांढऱ्या पडद्यासमोर शहाण्यासारखी बसली. पण बटण दाबायची वेळ आली की तिच्या गालाला खळी पडायची आणि सगळं मुसळ केरात जायचं. फोटोवाला भला माणूस. लग्नाळू मुलींना हसवण्यात त्याचा जन्म गेलेला, त्यामुळे न हसवण्याचं काम त्याला जड जात होतं.

चारुशीला बाजूच्या स्टुलावर तिची ओढणी घेऊन बसली होती. ओढणीची घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची.

“हिचं तं हसूच थांबून नाई राहिलं, ताई,” फोटोवाला म्हणाला. “कुठं जाऊन राहिली एवढी?”

“कॅनडाले,” उत्तर इशितानंच दिलं. “माह्या बाबाकडं.”

“अन् तुमी हिच्या?”

“आत्या,” चारुशीला म्हणाली. “काढा तुमी फोटो.”

इशिताचा बाबा म्हणजे पियुष, चारुशीलाचा पाठचा भाऊ. अकोल्यात डाळ मिलमध्ये फिटर होता. कॅनडात मसूर उदंड पिकतो, तो भरडायच्या मशिनी आहेत, पण त्या सांभाळणारे हात कमी, म्हणून त्याला तिकडून बोलावणं आलं. अकोल्याचा माणूस डाळीपायी सातासमुद्रापार गेला, याचं नात्यागोत्यात पुष्कळ दिवस हसू झालं. मागाहून त्यानं बायकोला, माधवीला, आणि लहानग्या ईशानला नेलं. माधवी त्याची दुसरी बायको. इशिता पहिलीची, आणि ती अमरावतीला चारुशीलाच्या घरी वाढली होती.

पहिली बायको रश्मी बाळंतपणातच गेली. पियुष तेव्हा पंचविशीतला पोरगा, मिलच्या पाळ्या करणारा. घरात म्हातारी आई, पार्बताबाई, आणि ते तान्हं मूल. इकडे चारुशीलाच्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही कूस रिकामी. रश्मीची तेरवी झाली, सव्वा महिना सरला आणि पार्बताबाईनं आयाबाया बोलावून लेकीला पाटावर बसवलं. पदर पसरायला लावला. त्यात गहू घातले, खोबऱ्याची वाटी ठेवली आणि वर ते बाळ ठेवलं. “ओटीत घातलेलं लेकरू माघारी मागत नसतेत,” ती सगळ्यांदेखत पियुषला म्हणाली. पियुषनं खाली मान घालून होकार भरला. चारुशीला तो पदर तसाच दोन्ही हातांनी धरून उठली आणि अमरावतीला येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

कागद करायचं तेव्हा कुणाच्याच मनात आलं नाही. आपल्याकडे चारचौघांत शब्द दिला की मग कागद मागणं म्हणजे भांडण उकरून काढणं. दवाखान्यात बापाचं नाव पियुष लागलं होतं, तेच शाळेत लागलं. पुढे चारुशीलाचा नवरा चंद्रभान मागे लागला म्हणून तिनं एकदा भीतभीत विषय काढला होता.

“घरातल्या घरात कशाचा कागद, ताई?” पियुष म्हणाला. “माह्यावर इस्वास नाई का?”

ती ओशाळली. धाकट्या भावापुढे आपण हिशेबी ठरलो असं तिला वाटलं, आणि विषय तिथंच संपला.

इशिता पाचवीत गेली तेव्हा नव्या बाईंनी हजेरी घेताना पूर्ण नाव पुकारलं आणि शेजारच्या पोरीनं विचारलं, तुझ्या बाबाचं नाव तर चंद्रभान आहे ना? त्या दिवशी इशिता घरी येऊन जेवली नाही. चारुशीलानं तिला जवळ घेऊन खरं ते सांगितलं. कधीतरी सांगायचंच होतं. त्यानंतर तिच्या तोंडातलं ‘आई’ हळूहळू ‘आत्या’ झालं. कुणी मुद्दाम केलं नाही, पोरीनं रागानंही केलं नाही. पण चारुशीलाला ते लागलं, आणि एवढी वर्षं झाली तरी लागायचं थांबलं नव्हतं.

आणि मग पियुषचा तो फोन आला. चारुशीला मेस चालवायची. कॉलेजची मुलं दोन्ही वेळा जेवायला येत. ती कणीक तिंबत होती, म्हणून इशितानं फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला आणि स्वतः पोळ्या लाटत राहिली.

“पीआर भरून राहिलो, ताई,” पियुष म्हणाला. “म्हंजे कायमचं तिथंच राहाचं. कन्सल्टंट म्हने, सगळ्या लेकराइची नावं लिहा लागतेत, सोबत न्या का नका नेऊ. मेडिकलबी सगळ्याइचं. आता नाव सुटलं तं मंग कधीच बोलावता येत नाई म्हने. इशूचा पासपोर्ट काढून ठेवजो.”

इशिताचं लाटणं थांबलं.

“बाबा, मले नेऊन राहिले तुमी?”

“नाव तं लिहाच लागते न, बेटा,” पियुष म्हणाला.

तेवढं तिला पुरलं. त्या दिवसापासून पोरगी जमिनीवर नव्हती. मोबाइलवर इंग्रजी बोलणाऱ्यांचे व्हिडिओ लावून ती त्यांच्यासारखं तोंड वाकडं करायची. मैत्रिणींना सांगून झालं, मेसच्या मुलांना सांगून झालं, दूधवाल्यालाही सांगून झालं. ईशान हे नाव बाबानं आपल्याच नावावरून ठेवलं, हे ती पूर्वीही सांगायची. आता ते दिवसातून एकदा तरी निघायचंच. चारुशीला ऐकायची, मान डोलवायची, आणि भाजीत मीठ टाकलं की नाही ते विसरायची.

“एक गोष्ट सांगू?” चंद्रभान एका संध्याकाळी म्हणाला. वलगावच्या संत्र्याच्या मळ्यातून तो नुकताच आला होता आणि बूट काढत उंबऱ्यात बसला होता. “पासपोर्टसाठी पोलीसवाला येईन तपासनीले. पोट्टी इथं राहत नाई म्हनून सांग. पासपोर्ट अडकते, अन् पियुषच्या अर्जाची येळ निघून जाते. कोनाले समजते?”

“तुमाले समजन न. मले समजन.”

चंद्रभान लबाडीचा माणूस नव्हता. बोलून झाल्यावर तो स्वतःच हिरमुसला आणि बुटातली माती झटकत बसला.

पण तो विचार तिच्या मनात नव्हताच असं कसं म्हणावं? पोलीस दारात आला तेव्हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. नाही राहत, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात आतून इशिता केसांना तेल लावलेली तशीच धावत आली आणि “मीच, मीच इशिता” म्हणून उभी राहिली. चारुशीलानं पोलिसाला चहा दिला, वर पातोडीचा रस्साही वाटीत वाढला. तो म्हणाला, अशी पाहुणचाराची तपासणी रोज झाली तर बरं होईल.

तिला खरी धास्ती होती ती थंडीची. इशिताला सिकलसेल होतं. विदर्भात हे दुखणं पुष्कळ घरांत आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि सांधे असे धरतात की धडधाकट माणूसही किंचाळेल. हिवाळा लागला की इशिताचे गुडघे, मनगटं ठणकायची. रोजची गोळी होती, दवाखान्याच्या फेऱ्या होत्या, आणि दुखणं उठलं की उशाशी बसून चोळत राहणारी चारुशीला होती. कॅनडात म्हणे दारापुढे गुडघाभर बर्फ साचतो. तिथं हिच्या उशाशी कोण बसणार, एवढा एकच प्रश्न ती भाजी चिरताना, पोळी भाजताना स्वतःला विचारायची.

दिवाळी झाल्यावर पियुष एकटाच आला. सासुरवाडीला, अकोल्यात उतरला. अमरावतीला येतो म्हणाला नाही. फोन केला तो असा:

“ताई, तूच ये अकोल्याले. एकटी ये. इशूले नको आनू.”

न्यायच्या गोष्टी मोठ्यांच्या मोठ्यांत व्हाव्यात म्हणून असं म्हणाला असेल, असं इशितानं ठरवून टाकलं. ईशानसाठी तिनं संत्रा बर्फीचा डबा घेऊन दिला, आणि आत्या बस पकडायला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत तो नीट बसतो की नाही ते दोनदा पाहिलं.

बसमध्ये मूर्तिजापूर येईपर्यंत चारुशीला मनातल्या मनात बोलण्याची तयारी करत होती. रडायचं नाही. माघारी मागत नसतात हे आईचे शब्द काढायचे नाहीत; भावाला टोचून काय मिळणार? पोरगी त्याचीच आहे. आपण तिला सांभाळली, हे उपकार म्हणून सांगायचं नाही. फक्त बारावी होऊ दे म्हणायचं, आणि गोळ्यांचं, थंडीचं नीट समजावून द्यायचं. खिडकीबाहेर तूर फुलावर होती, कापूस फुटला होता. तिला त्यातलं काही दिसत नव्हतं.

पियुष अकोल्याच्या स्टँडवर घ्यायला आला होता. अंगानं सुटला होता, कपाळ मोठं झालं होतं. भर गर्दीत वाकून त्यानं तिच्या पायांना हात लावला. मेव्हण्याच्या गाडीवर मागे बसवून तो तिला घरी नेईल असं वाटलं होतं, पण गाडी एमआयडीसीकडे वळली आणि त्याच्या जुन्या मिलसमोरच्या चहाच्या टपरीशी थांबली. मिल चालू होती. हवेत तुरीच्या चुनीचा, डाळीच्या कोंड्याचा, तोच कोंदट गोडसर वास होता. लग्नाआधी ती भावाचा डबा घेऊन इथं यायची तेव्हाचा. बाकावर बसल्याबसल्या तिच्या चपलांवर पिवळट धूळ बसली.

“चहा घे न, ताई.”

“मी आधी माह्यं बोलून घेतो,” चारुशीला म्हणाली. थांबले तर बोलणं राहून जाईल, हे तिला माहीत होतं. “पोरगी तुही आहे. कागदावर तूच बाप आहे. मी अडवत नाई. पन बारावी होऊ दे. अन् थंडीत तिले फार होते रे, रातभर गुडघे चोळा लागतेत. माधवीले जमन काय? म्हंजे नाई जमनार असं नाई म्हनत मी. मी सगळं सांगून देतो तिले, कोन्ती गोळी, कोन्तं तेल. नाईच जमलं तं मी येतो सुरुवातीले, तिले सवय होईपर्यंत. तिकीट आमी काढू—”

“ताई.”

“ऐक न. मी मायचं काई काढून नाई राहिली मधात. मी एवढंच म्हनतो—”

“ताई, मी तिले नेत नाई.”

मिलच्या फाटकातून एक ट्रक मागे येत होता. क्लीनर ओरडून त्याला जागा दाखवत होता.

“तिचं दुखनं कन्सल्टंटले सांगितलं मी,” पियुष म्हणाला. तो चहाच्या ग्लासाकडे बघून बोलत होता. “थो म्हने, मेडिकलमंदी हे निघालं तं सगळ्याइचंच अडकू शकते. तिच्या इलाजाचा खर्च तिथल्या सरकारवर पडन म्हनून. माह्यं, माधवीचं, ईशानचं, सगळंच. सोबत नाई नेलं तरी तपासनी होतेच. एक लेकरू अडलं तं अख्खं घर अडते. परमिट संपत आलं, ताई. पीआर नाई झालं तं सारं सोडून वापस या लागीन.”

“मंग ये वापस.”

ते तिच्या तोंडून निघून गेलं. पियुषला राग आला नाही. त्यानं मिलच्या फाटकाकडे पाहिलं.

“इथं काय आहे आता माह्यं? ईशान तिथलाच झाला. मराठी बोलतानी अडखळते थो. माधवी म्हनते, तिथं जायले तिनं सगळं सोडलं, आता...” त्यानं वाक्य सोडून दिलं.

“मंग मले काहून बोलावलं?”

“कागद करू म्हनून. दत्तकाचा.” आता त्यानं तिच्याकडे पाहिलं. “तिचे मायबाप तुमी दोघं. मंग माह्या अर्जात तिचं नाव लिहाचं कारनच नाई. खोटं काई नाई त्याच्यात, ताई. मायनं खरंच तुह्या ओटीत घातली होती. वकील म्हने, थेच दत्तक. फक्त आता लिहून नोंदवाचं.”

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. चारुशीलानं तर बारावीपर्यंतची मुदत मागितली होती, आणि इथं पोरगी जन्माची तिच्या पदरात पडत होती. तिला आनंद झाला. आधी आनंदच झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. एवढे दिवस छातीवर बसलेला धोंडा कुणी अलगद उचलला असं झालं. मग तिला फोटोच्या दुकानात तोंड मिटता न येणारी इशिता आठवली, आणि त्या आनंदाची तिला अशी लाज वाटली की तिनं पदर ओढून अंगाभोवती घेतला.

“म्हंजे पुढं कधी?” तिनं विचारलं. “मोठी झाल्यावर, बरी असली तं?”

“नाई. कागदावर माही लेकच नाई राहत न थे. कधीच नाई.”

“मी कागद मांगला होता तवा तू इस्वासाचं बोलला.”

“हो.”

“मले रातभर झोप नाई आली तवा. म्हटलं, भावाच्या मनातून उतरली मी.”

पियुषनं ग्लास खाली ठेवला. “तवा मले वाटे, पाय रोवले का तिले नेईन. दोन खोल्या होऊ दे, मंग नेईन. जरा पगार वाढू दे, मंग. म्हनून नाई केला कागद.” त्याचा आवाज चिरकला. “इस्वासाचं नव्हतं काई, ताई. मलेच सोडायची नव्हती.”

तो रुमालात तोंड घालून रडला. टपरीवाला दुसरीकडे बघायला लागला. चारुशीलाला त्याचा फार राग यायला हवा होता, आणि येत नव्हता. हे तिचंच दुसरं लेकरू. आई मिलमध्ये डाळ निवडायला जायची तेव्हा तिनंच याला कडेवर घेऊन गल्लीत फिरवलं होतं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ मोठी झाली होती, पण हुंदका तसाच होता, खांद्यांतून येणारा.

“मी वाईट आहे काय, ताई?”

“चहा पिऊन घे,” ती म्हणाली. “थंडा झाला.”

नंतर तिनं पिशवीतून बर्फीचा डबा काढून दिला. ईशानसाठी आहे, इशूनं दिला, असं सांगितलं. पियुषनं तो घेतला आणि दोन्ही हातांत धरून बसून राहिला.

“तिले कोन सांगन?” त्यानं विचारलं.

“मी सांगतो.”

“काय सांगशीन?”

“थे माह्यावर सोड. तू मधात काई बोलू नको.”

वकिलाच्या ऑफिसात मसुदा तयारच होता. वकील सभ्य होता, सावकाश वाचत होता. सव्वा महिन्यानंतर, आप्तेष्टांसमक्ष, ओटीत घालून, दिली आणि घेतली. सगळं खरं होतं. एकही शब्द खोटा नव्हता. चंद्रभानला घेऊन नोंदणीला कधी यायचं ते ठरलं.

“मुलगी राजीखुशीनं राहते ना तुमच्याकडे?” वकिलानं चष्म्यावरून पाहत विचारलं.

“हो,” चारुशीला म्हणाली.

“तिचं नाव आता बदलून घेता येईल. इशिता चंद्रभान.”

एवढ्या वर्षांत हे नाव तिनं किती वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. वकिलानं ते मोठ्यानं म्हटलं तेव्हा पियुष उठून पाणी प्यायला बाहेर गेला.

परतीच्या बसमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली. सकाळी तयार करून आणलेलं बोलणं वाया गेलं होतं. आता नवं बोलणं शोधायचं होतं. तुझ्या दुखण्यापायी तुला वगळलं, असं पोरीला कसं सांगायचं? ज्या दुखण्यात तिचा काही दोष नाही, जे तिला मेलेल्या आईकडून आणि जिवंत बापाकडून मिळालं, त्याचा ती जन्मभर राग करील. अंगातलंच रक्त, त्याचा राग करून माणूस जाणार कुठं? बरं, दुखण्याचं नाव न काढता बाबानं नाही म्हटलं असं सांगावं, तर ती का म्हणून विचारणार. आणि ‘का’ला उत्तर नसलं की पोरं स्वतःत खोट शोधत बसतात. पाचवीतल्या त्या न जेवलेल्या दिवशी इशितानं हेच विचारलं होतं: मी काही केलं होतं का, म्हणून बाबानं मला दिलं? बस बडनेऱ्याच्या पुलावर आली तरी चारुशीलाला वाट सापडली नव्हती.

घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. चंद्रभान मळ्यातून आला नव्हता, मेसची मुलं यायला अवकाश होता. इशितानं कधी नव्हे ते सगळी भाजी चिरून ठेवली होती, कणीकही मळून ठेवली होती, थोडी सैल. आत्या दारात दिसताच तिनं हातातली पिशवी घेतली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“काय म्हने बाबा? कधी? बारावी झाल्यावर का आधीच?”

चारुशीला मोरीत गेली. पायांवर पाणी घेतलं, मिलची धूळ धुतली. तोंडावर पाणी मारलं. पदरानं तोंड पुसत ती बाहेर आली तेव्हा इशिता तिथंच, तशीच उभी होती.

“मी नाई म्हनून आली,” चारुशीला म्हणाली.

“कशाले नाई?”

“तुले धाडाले.”

इशिताला आधी ते खरंच वाटलं नाही. ती हसण्याच्या बेतात होती, आत्याचा चेहरा बघून थांबली.

“बाबानं विचारलं अन् तू नाई म्हटलं?”

“हो.”

“काहून?”

“माह्या जिवाले गमत नाई तुह्याबिगर.”

तिच्या सगळ्या सांगण्यात तेवढंच खरं होतं, त्यामुळे ते न अडखळता निघालं. पण म्हणूनच ते इशिताला लागलं. तिच्या नाकपुड्या फुगल्या. ती लहानपणी सुई टोचताना अशी व्हायची, रडायच्या आधी.

“तुह्या जिवाले!” ती म्हणाली. “अन् माह्या? मले कोनी विचारलं? पाचवीपासून वाट पाहून राहिली मी. तुले माहीत होतं. तुले सगळं माहीत होतं, अन् तू नाई म्हनून आली?”

“हो.”

“तुले कोनी हक्क देला?”

त्या प्रश्नाचं उत्तर अकोल्यात टाइप होऊन पडलं होतं. इशितानं ओट्यावरून मोबाइल उचलून आणला. नंबर लावला, स्पीकर लावला आणि फोन दोघींच्या मधे हातावर धरला, साक्षीदार धरावा तसा.

“हां बेटा,” पियुषचा आवाज आला.

“बाबा, आत्या नाई म्हनते. ती म्हनते तिनंच नाई म्हटलं. तुमी सांगा न तिले. तुमी तं न्यायले तयार होते न? सांगा न, बाबा.”

फोनमधून मागे कुठंतरी चालू असलेला टीव्ही ऐकू येत होता. पियुषला काहीच ठाऊक नव्हतं. त्याला एवढ्याशा वेळात सगळं समजून घ्यायचं होतं. चारुशीला त्या फोनकडे बघत होती आणि तिचे ओले हात पदरात गुंडाळलेले होते. देवासमोरही तिनं कधी असं मागितलं नव्हतं. हो म्हण, रे. हो म्हण.

“हो, बेटा,” पियुष म्हणाला. मग थांबला. “मी तं तयारच होतो. पन ताईनं वाढवलं तुले. तिच्यापुढं... तिचं ऐका लागते, बेटा.” आणि त्याचा आवाज फुटला, आणि फोन बंद झाला.

इशिता हातातल्या काळ्या झालेल्या फोनकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान ताठ होती. एवढी ताठ मान चारुशीलानं तिची कधी पाहिली नव्हती.

“ऐकलं न?” ती म्हणाली. “बाबा रडून राहिले. ते तयार होते.”

“हो,” चारुशीला म्हणाली. “थो तयार होता.”